एसएनएमपी: व्ही२सीच ठेवायचं की व्ही३ वर जायचं?

ऑफिसमधल्या स्विच, प्रिंटर, सर्व्हरवर लक्ष ठेवायचं तर एसएनएमपी (उपकरणांची हालहवाल नेटवर्कवरून विचारायचा प्रोटोकॉल) लागतंच. प्रश्न आवृत्तीचा. व्ही२सी १९९६ ची, व्ही३ २००२ मध्ये मानक झाली. तरी खोक्यातून काढल्याबरोबर ‘पब्लिक’ या कम्युनिटी स्ट्रिंगला उत्तर देणारे प्रिंटर अजूनही भेटतात.

ही स्ट्रिंग म्हणजे नावापुरता पासवर्ड. यूडीपी पोर्ट १६१ वरून ती उघडीच जाते, मधे कुणी पॅकेट पकडलं की संपलं. ‘पब्लिक’च असेल तर तेवढेही कष्ट नकोत. “फक्त वाचायचीच तर परवानगी आहे, काय बिघडतंय?” असं म्हणणाऱ्यांनी काय काय वाचता येतं ते एकदा बघावं. ओएसची आवृत्ती, राउटिंग टेबल, एआरपी टेबलातले (कुठला आयपी कुठल्या मशीनचा याची नोंद) आतले आयपी, विंडोज सर्व्हरवर लोकल युजरांची नावं. होस्ट रिसोर्सेस एमआयबी (मशीनबद्दल काय काय विचारता येतं त्याची एक यादी) खुली असेल तर चालू प्रोसेस आणि त्यांचे पॅरामीटरही दिसतात. बॅकअपच्या स्क्रिप्टने कमांड लाइनवर पासवर्ड दिला असेल, तर तोही त्यातच.

खापर दरवेळी बनवणाऱ्यावर फोडता येत नाही. डेबियन लिनक्सवरचा नेट-एसएनएमपी (एसएनएमपीला उत्तर देणारा प्रोग्राम) मुळात फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरता, लिसन करतो आणि ‘पब्लिक’ला जुजबी माहितीच दाखवतो. मॉनिटरिंग सर्व्हरला ग्राफ दिसेना म्हणून आपणच कुठूनतरी कॉन्फिगच्या दोन ओळी आणून चिकटवतो आणि कुंपण काढून टाकतो.

व्ही३ मध्ये युजर, ऑथेंटिकेशन, एन्क्रिप्शन सगळं आहे, पण चालू केलं तर. ‘नोऑथनोप्रिव्ह’ (ऑथेंटिकेशन नाही, एन्क्रिप्शनही नाही) पातळीवर नुसतं युजरनेम पुरतं, आणि तेही उघडंच जातं. म्हणजे व्ही२सीच, फक्त नाव नवं. ‘ऑथप्रिव्ह’ (दोन्ही चालू) घेतलं तरी इंजिन आयडी, म्हणजे उपकरणाची एसएनएमपीतली ओळख, विचारणाऱ्या कुणालाही मिळतो. त्यात बहुधा उत्पादकाचा क्रमांक आणि कित्येकदा मॅक पत्ता असतो. त्यामुळे फायरवॉल व्ही३ लाही हवीच.

माझं मत: नवीन बसवताय तर व्ही३, ‘ऑथप्रिव्ह’, ऑथेंटिकेशनला एसएचए आणि एन्क्रिप्शनला एईएस, जुनं एमडी५-डीईएस नको. प्रत्येक उपकरणावर युजर बनवायचा त्रास आहे, पण एकदाच. जुना प्रिंटर व्ही३ बोलतच नसेल तर व्ही२सी चालेल: वेगळं व्हीलॅन (स्विचवरच वेगळं काढलेलं नेटवर्क), स्ट्रिंग बदललेली, राइट बंद, फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीला परवानगी. ज्या उपकरणाचा ग्राफ कुणी बघतच नाही, तिथे एसएनएमपी सरळ बंद करा.