गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदलताना: रेडी-मिक्स घ्यावं की कॉन्सन्ट्रेट?

पाणी गोठू न देणारं ग्लायकॉल दोन्हींत असतं, गंजरोधक रसायनंही असतात. फरक पाण्याचा. रेडी-मिक्समध्ये ते आधीच मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेटमध्ये आपण घालायचं.

रेडी-मिक्सला मोजमाप लागत नाही आणि बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी चुकून आत जायची भीती नाही. रिझर्व्ह टाकीतली पातळी जरा उतरली तर वरून घालायला हेच उत्तम. जुनं कूलंट स्वच्छ असेल, फ्लश न करता, म्हणजे आतून पाण्याने न धुता, नुसतं काढून भरायचं असेल, तरी हेच सोयीचं.

घोडं अडतं ते फ्लश केल्यावर. रेडिएटरचा खालचा प्लग उघडला की सगळं पाणी बाहेर येतं असं वाटतं, पण इंजिन ब्लॉक आणि हीटरच्या कोअरमधलं (गाडीच्या आत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरमधलं) आतच राहतं. समजा गाडीत एकूण 5 लिटर मावतं आणि बाहेर 3 लिटरच आलं. उरलेल्या 2 लिटर पाण्यावर अर्धं-अर्धं असलेलं रेडी-मिक्स 3 लिटर ओतलं, की गाडीत कूलंट उरतं जेमतेम 30 टक्के. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न सहसा येत नाही, पण गंजरोधक रसायनंही त्याच प्रमाणात पातळ होतात. परत 3 लिटर काढून नवीन 3 लिटर भरलं, तरी प्रमाण 42 टक्क्यांवरच. म्हणजे 6 लिटर ओतूनही अर्ध्यावर पोहोचलो नाही! माझा कल कॉन्सन्ट्रेटकडे झुकला तो या एका कटकटीमुळे.

कॉन्सन्ट्रेटचा हिशोब सरळ आहे. मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे इथे अडीच लिटर, आधी ओता. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. अट एवढीच की शेवटचा फ्लशही डिस्टिल्ड वॉटरचाच हवा, कारण आत राहतं ते तेच पाणी. आणि बाहेर आलेलं पाणी खुणा केलेल्या टबात मोजा. ते क्षमतेच्या निम्म्याहून कमी भरलं तर कॉन्सन्ट्रेट मावणारच नाही. मग रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) काढावा लागतो. चिकटलेला होज गोल फिरवून सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलात तर रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड तडकतं.

पुढचं काम दोन्हींत सारखंच: हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडून वरचा होज तापेपर्यंत हवेचे बुडबुडे निघू द्यायचे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप उघडून पातळी बघायची. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. चवीला गोड असल्याने कुत्री ते चाटतात, मांजरंही चाटतात, आणि ते विषारी असतं.

हाताशी मोजायचं भांडं नसेल किंवा डिस्टिल्ड वॉटर मिळत नसेल, तर रेडी-मिक्स घेण्यात काही गैर नाही. फ्लश करणार असाल तर मात्र मी कॉन्सन्ट्रेटच सुचवेन. उरलेल्या डब्यावर मार्करने ‘पाणी घातलेलं नाही’ असं लिहून ठेवा. नाहीतर टाकीत भर घालताना कुणीतरी तेच तसंच ओततं.