टेलिप्रेझेन्स की साधं व्हिडिओ कॉन्फरन्सिंग?

टेलिप्रेझेन्स म्हणजे पलीकडची माणसं समोरच बसल्यासारखी वाटावीत अशी खास व्हिडिओ कॉलसाठी केलेली खोली. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीने २००६ मध्ये आणलेल्या टेलिप्रेझेन्स ३००० मध्ये ६५ इंची तीन पडदे आणि समोर सहा जणांचं टेबल होतं. समोरचा माणूस जवळपास खऱ्या मापाचा दिसायचा आणि आवाज तो बसलेल्या बाजूनेच यायचा. खरी किंमत याचीच मोजायची. डाव्या कोपऱ्यातून कोणी खाकरलं तरी नजर आपोआप तिकडे वळते. पण खोली कायमची अडकते. भिंतींचा रंग, दिवे, टेबल सगळं ठरवून करावं लागतं, आणि पलीकडेही तशीच खोली नसेल तर निम्मा पैसा वाया.

लॅपटॉपवरच्या कॉलमध्ये कॅमेरा पडद्याच्या वर असतो, म्हणून समोरच्याकडे पाहणारा माणूस खाली बघतोय असं वाटतं. बोलणाऱ्याची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढा, बराच फरक पडतो.

तक्रारी बहुतेक आवाजाच्या असतात. एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक सुरू राहिले की शिट्टी वाजणारच. एक सोडून बाकीचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. एकतर्फी विलंब, म्हणजे आवाज इकडून तिकडे पोहोचायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. वायफायपेक्षा केबल बरी.

दोन ठरावीक कार्यालयांत आठवड्यातून अनेकदा वाटाघाटी होत असतील तरच टेलिप्रेझेन्स घ्यावं. एरवी चांगला खोलीचा माइक आधी, कॅमेरा नंतर.