अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी की संत्रं खावं?

नागपुरात धंतोलीत डॉक्टरांकडून बाहेर पडलं की मेडिकलच्या काउंटरवर अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सी, ई जीवनसत्त्व किंवा बीटा कॅरोटिनच्या गोळ्या हमखास दिसतात. ‘घेऊन पाहा, नुकसान तर काही नाही’, हे वाक्यही ठरलेलं. माझ्या वडिलांनी ते ऐकून ई जीवनसत्त्वाची ४०० युनिटची कॅप्सूल दोन महिने घेतली. रक्त पातळ करणारी वॉरफरिन आधीपासून चालू होती. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी ती कॅप्सूल बंद करायला लावली. दोन्ही एकत्र घेतलं की रक्तस्रावाची भीती वाढते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

सी जीवनसत्त्वापुरतं बोलायचं तर मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम पुरतं. कळमन्याच्या बाजारातून आणलेली दोन संत्री सहज तेवढं देतात. आवळा तर त्याहून कितीतरी पुढे. चघळायची गोळी मात्र ५०० मिलिग्रॅमची असते. जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं, पण काहींच्या शरीरात त्याचं ऑक्झलेट होतं, ज्यापासून मूतखडा बनतो. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सी जीवनसत्त्वाच्या साधारण १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मूतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पाणी कमी पडतं. ज्याला एकदा खडा होऊन गेलाय त्याने या गोळीच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्यात विरघळवून प्यायच्या गोळीत सोडियमही असतं. बीपीवाल्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

बीटा कॅरोटिनची, म्हणजे शरीरात ज्याचं ए जीवनसत्त्व बनतं त्या गाजर-पपईतल्या घटकाची, गोष्ट याहून गंभीर आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला: रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. गोळी दिली होती ती कर्करोग टळावा म्हणून. गाजर-पपई खाल्ल्याने असं होत नाही. तेव्हा बिडी-सिगारेट सुटत नाही म्हणून भरपाईला ही गोळी घेऊ नका.

गोळी सरस ठरते अशा जागाही आहेत. वयामुळे डोळ्यांचा पडदा मध्यम टप्प्यापर्यंत झिजला असेल, तर सी, ई, जस्त, तांबं, ल्युटीन आणि झिअॅक्सॅन्थिन असं ठरावीक मिश्रण नजर जाण्याचा वेग कमी करतं. ते नेत्रतज्ज्ञांनी लिहून द्यावं. आतड्याच्या आजारात अन्न अंगी लागत नसेल, तिथेही गोळी लागते. केमो किंवा रेडिएशन चालू असताना कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये.

बाकीच्यांसाठी मी संत्र्याच्याच बाजूने आहे. आंबिया आणि मृग असे दोन बहार आपल्याला मिळतात. रस काढू नका, फोडी खा. साखर असलेल्यांना तर ते फारच बरं. हंगाम संपला की जेवणावर लिंबू पिळावं, कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरावा. शिजवल्याने सी जीवनसत्त्व बरंच जातं.

गोळ्यांची पट्टी आधीच घरात आणली असेल, तर पुढच्या तपासणीला बाकीच्या औषधांसोबत तीही पिशवीत टाकून न्या.