आमच्या गावचं आरोग्य उपकेंद्र : गोळ्यांना पाच स्टार, समितीला एक

जळगाव जिल्हा, तापीकाठचं गाव, नाव सांगत नाही. बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहे.

आधी चांगलं सांगतो. बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम नुसत्या गोळ्या हातात टेकवत नाहीत, बीपी मोजतात, वहीत लिहितात, मागच्या वेळेपेक्षा वाढलं तर आईला बरोबर झापतात. आधी याच्यासाठी तालुक्याला जावं लागायचं, अर्धा दिवस एसटीत आणि वरून मेडिकलवाल्याचं बिल वेगळं. आशाताईंचं तर विचारूच नका भो, केळीच्या बागेत निंदायला गेलेल्या बाईला तिथे गाठून पोराच्या डोसची तारीख सांगतात.

आता समिती. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, नाव केवढं लांब! निम्म्या तरी बायका पाहिजे असा नियम आहे आणि वर्षाला 10,000 रुपये अनटाइड फंड, म्हणजे गावाने ठरवून खर्चायचा. आमची समिती रजिस्टरात एकदम टकाटक आहे, सह्या घरोघरी फिरून होतात. मिटिंग कधी झाली विचारलं तर म्हणे झाली ना भाऊ, तुम्ही शेतात होते. मे महिन्यात म्हातारी माणसं उन्हात रांगेत उभी राहतात, एक शेडनेट टाकायला कितीक खर्च येतो, पण ते ठरवायला कोणी एकत्र बसलं तर ना. हे काम मॅडमचं नाहीये, आपलंच आहे.

आणि हे काही नवीन खूळ नाही. 1978 ला अल्मा-आता इथे झालेल्या जागतिक आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यातच आहे की आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन करण्यात भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य पण आहे. बांगलादेशात कम्युनिटी क्लिनिकला जागा गावकरी देतात, साधारण 6,000 लोकांमागे एक क्लिनिक आणि ते चालवण्यात गावाचा गट असतो. नेपाळात 1988 पासून गावातल्याच बाया स्वयंसेविका आहेत. लांब कशाला, जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनी 1970 ला काम सुरू केलं तेव्हा अक्षरओळख नसलेल्या बायांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. आणि आपल्या खान्देशातल्याच नंदुरबारात 2007 पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात गावकरीच दवाखान्याला शेरा द्यायचे आणि जनसुनवाईत साहेबांना तोंडावर विचारायचे की औषध का नव्हतं. नंदुरबारच्या पाड्यावरची माणसं विचारू शकली आणि आम्ही पारावर बसून सरकारला शिव्या देतो, ते मला झेपत नाही.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, जुनी फाइल सोबत घ्या. आणि समितीच्या हिशोबाचा राग आशाताईंवर काढू नका, तो ग्रामसभेत सरपंचांना विचारा.