बिष्णुपूर की मणिपूर: राजाच्या धर्मांतराची कोणती गोष्ट आधी वाचावी?

वैष्णव गुरू दरबारात आला आणि राजासकट राज्याचा धर्म बदलला, यावर वाचायचं म्हटलं की दोन नावं हमखास येतात. बंगालमधलं बिष्णुपूर आणि मणिपूर. दोन्ही मी वाचल्यात आणि आमच्या वाचनकट्ट्यावर सांगितल्यात, त्यावरून जे वाटलं ते लिहितोय, तुमचं मत वेगळं असू शकतं.

बिष्णुपूर पटकन पकड घेतं हे मान्य. वृंदावनहून पोथ्यांच्या पेट्या बैलगाडीतून निघालेल्या, सोबत वैष्णव गुरू श्रीनिवास आचार्य, आणि बिष्णुपूरचा मल्ल घराण्यातला राजा वीर हंबीर याच्या माणसांनी खजिना समजून त्या लुटल्या. पोथ्या शोधत श्रीनिवास दरबारात पोचतात, तिथे भागवत चालू असतं, ते स्वतः अर्थ सांगायला लागतात आणि राजा थेट पायाशी. रासमंच, श्यामराय (१६४३), जोडबांगला (१६५५) या तिथल्या मंदिरवास्तू आजही बघता येतात, तो मोठाच प्लस पॉइंट.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली. हे सगळं कळतं ते प्रेमविलास, भक्तिरत्नाकर अशा भक्तांच्याच ग्रंथांतून, आणि त्यात विरोध करणारं कुणी टिकतच नाही, दरबारातला पंडितसुद्धा लगेच शिष्य होऊन जातो. कट्ट्यावर एका काकूंनी विचारलं, "अहो, मग आधीचे पुजारी गप्प बसले का?" उत्तर शोधायला मी परत परत वाचलं आणि दर वेळी हाती तोच पश्चात्ताप, तीच दीक्षा.

मणिपूरमध्ये नेमकं हेच उत्तर मिळतं. राजा पामहैबा उर्फ गरीब निवाज, गादीवर १७०९ ला, आणि सिल्हेटकडून (आज बांगलादेशात) आलेला, रामभक्त रामानंदी पंथाचा गुरू शांतिदास अधिकारी. इथे दरबाराची स्वतःची नोंदवही आहे, चैथारोल कुंबाबा, आपल्या जेधे शकावलीसारखी सालवार. राजाने पूर्वजांची पुरलेली हाडं उकरून नदीकाठी जाळली, जुन्या देवतांची ठाणी मोडली, जुने ग्रंथ म्हणजे पुया जाळले (कुणी १७२९ म्हणतं, कुणी १७३२), आणि ती जखम इतकी ओली आहे की मैतेई लोक (मणिपूरचा मुख्य समाज) अजून दरवर्षी तो दिवस पाळतात. तरीपण आज हिंदू मैतेई घरातही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात सनामही या जुन्या घरदेवाची जागा असते, म्हणजे राजाने हुकूम काढला तरी लोकांनी घरातला देव काही हलवला नाही. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

नावं जड जातात, सुरुवातीला कंटाळा येईल, आणि गोडवा हवा असेल तर बिष्णुपूरच बरं. पण धर्मांतरात दरबाराचं आणि घरादाराचं काय होतं हे बघायचं असेल तर मी तरी मणिपूरच आधी घ्या म्हणेन. फक्त शांतिदासापासून सुरू करू नका, त्याच्या आधी पामहैबाचे वडील चराईरोंगबा यांनी १७०४ मध्येच वैष्णव दीक्षा घेतली होती, तिथून सुरू केलंत तर एकट्या गुरूने सगळं उलटवलं असा समज होणार नाही.