वाय-फाय अडखळतंय: चॅनल बदलू, रिपीटर घेऊ की वायर ओढू?

रत्नागिरीत नाचणे रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री साडेआठला फोनवर वाय-फायची यादी उघडली, तर आमच्या नावाखाली आणखी १९ नावं दिसली. पावस गावात माहेरी एकच नाव दिसतं, आमचंच, आणि तरी मागच्या पडवीत व्हिडिओ कॉल तुटतो. तक्रार दोन्हीकडे तीच: नेट मधेच जातं. पण फ्लॅटमध्ये त्रास गर्दीचा आहे आणि पावसला चिऱ्याच्या भिंतीचा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. दुकानात मात्र दोघांच्याही हातात रिपीटरच, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबाच, ठेवतात, म्हणून पैसे खर्च करण्याआधी एवढं वाचाच.

पहिली तपासणी फुकट आहे. लॅपटॉप वाय-फायवर ठेवून राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याखालच्या स्टिकरवर लिहिलेला सापडतो. उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. ते मधूनच २००-३०० वर उडत असेल किंवा येतच नसेल, तर दोष घरातल्या हवेत आहे. राउटर झटपट उत्तर देतोय आणि तरी व्हिडिओ गोल फिरत बसलाय, तर दोष लाइनमध्ये आहे. मग कंपनीला फोन करा. घरात नवा डबा आणून काही होणार नाही.

दोष हवेतला निघाला, तर गर्दी की भिंत ते बघायचं. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर नावाची फुकट अ‍ॅप्स मिळतात. आयफोनवर अ‍ॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घ्यावं लागतं आणि सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा स्कॅनर चालू करावा लागतो. सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये आणि उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० ला नुसतं नाव दिसतं. सिग्नल उणे ५० आणि तरी पिंग उडतोय, तर गर्दी समजा. सिग्नलच उणे ७८ असेल, तर भिंत.

गर्दी असेल तर: चॅनल की ५ गिगाहर्ट्झ?

घरातलं वाय-फाय मुख्यतः दोन रेडिओ पट्ट्यांवर (बँडवर) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि चॅनल म्हणजे त्या पट्ट्यातली एक गल्ली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येक राउटरला लागतात निदान २०. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि थांबून पाळीपाळीने बोलतात. वेग कमी होतो, पण गाडी चालते. कुणी ३ किंवा ९ वर बसला, तर त्याचं बोलणं दोन्हीकडच्यांना नुसता गोंगाट म्हणून ऐकू येतं आणि सगळ्यांचंच बिघडतं. "मधलं रिकामं चॅनल दिसलं, ते घेतलं" ही चूक म्हणूनच महागात पडते. रुंदीही २० वरच ठेवा. ४० केली की जवळपास अर्धा पट्टा एकटा राउटर अडवून बसतो.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा राउटर ९ वर होता. मी जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "अगो, माझ्यामुळे तुझं अडतंय होय? मग बदल की, पासवर्ड खालीच लिहिलाय." दोन मिनिटांत त्यांचा ६ वर आणला, माझा ११ वर नेला. दोघींकडेही फरक पडला. शेजाऱ्याशी बोलणं हा उपाय कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो, पण बिल्डिंगमध्ये त्याच्याइतकं लवकर काही लागू पडत नाही.

तरीही चॅनल बदलणं ही मलमपट्टी आहे, आणि कोकणात तर जास्तच. जूनमध्ये आमची निम्मी बिल्डिंग कुलूपबंद असते. भाद्रपदात चाकरमानी आले की तेवढे राउटर एकदम चालू होतात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला निवडलेलं रिकामं चॅनल गणपतीत भरून जातं. शिवाय लाईट जाऊन आली की सगळे राउटर एकाच क्षणी जागे होतात. 'ऑटो'वर असलेले बरेचसे तेव्हाच चॅनल निवडतात, हवा शांत असताना, आणि एकाच जागी गोळा होतात. म्हणून ऑटो बंद करून आकडा हाताने घाला. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएसही जोडा. त्याआधी अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात ना ते बघा.

खरा सुटकेचा रस्ता ५ गिगाहर्ट्झचा. तिथे जागा भरपूर आहे, भारतात २०१८ मध्ये तो पट्टा आणखी मोकळा केला गेला. त्याचा जो दोष म्हणून सांगतात, भिंत ओलांडत नाही, तोच फ्लॅटमध्ये गुण ठरतो: शेजाऱ्याचा ५ तुमच्या घरात फारसा पोचत नाही. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथचा त्रासही २.४ लाच. तुमचा राउटर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही देणारा, असेल तर नवीन काही घ्यायचंच नाही. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर फोन पुन्हापुन्हा २.४ ला जाऊन चिकटतो. टीव्ही, लॅपटॉप, फोन ५ वर न्या. प्रिंटर, कॅमेरे, स्मार्ट प्लग २.४ वर राहू द्या, त्यांतल्या बऱ्याच वस्तूंना दुसरं काही येतही नाही. राउटर फक्त २.४ चा असेल, तर मी तो बदलेन, आणि घेताना वाय-फाय ६ चा घेईन, कारण गर्दीत निभावून नेण्याची सोय त्यात मुद्दाम केलेली आहे.

गर्दीत रिपीटर लावू नका. बोलणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते, आणि साधा एका बँडचा रिपीटर तेच वाक्य एकदा ऐकतो, एकदा बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो.

भिंत असेल तर: रिपीटर, मेश की वायर?

पावसला राउटर ओटीवर, कारण फायबर तिथूनच आत येतं. मधे माजघर, म्हणजे चिऱ्याच्या दोन भिंती, आणि पावसाळ्यात त्या ओल धरतात. पाणी हा सिग्नल चांगलाच खातं. आम्ही आधी रिपीटर पडवीत लावला. त्यालाच उणे ८० मिळत होते, तो पुढे काय देणार? माजघराच्या दारात, जिथे उणे ६५ येत होते, तिथे आणल्यावर वॉट्सअ‍ॅप चाललं, व्हिडिओ नाही. मेश, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणारे डबे, हा त्याचा शहाणा भाऊ: नाव एकच राहतं, फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर सहज जातो. पण दोन डबे हवेतूनच बोलणार असतील, तर त्यांच्याही मधे तीच ओली भिंत आहे. पैसे रिपीटरच्या कितीतरी पट जातात.

म्हणून माझं मत वायरला. कॅट ६ ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा पूर्ण वेग देते, आपली घरं त्यापुढे लहानच. पडवीच्या टोकाला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, म्हणजे वायरने आलेलं नेट तो तिथे नुसतं हवेत सोडतो. त्याचा डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद केला आणि वायर वॅनच्या (बाहेरून नेट येणाऱ्या) नव्हे, लॅनच्या (घरातल्या वस्तू जोडायच्या) भोकात घातली. पिंग २ मिलिसेकंदांवर आला आणि मेपासून हललेला नाही.

घेताना केबलवर 'सीसीए' लिहिलेलं असेल तर परत द्या. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते, आणि आपल्या खाऱ्या हवेत उघडं पडलेलं टोक लवकर खराब होतं. शुद्ध तांब्याचीच मागा. वायर केसिंग पट्टीतून न्या, माळ्यावरून मोकळी नको, उंदीर कुरतडतात.

आणि वाडीतल्या वेगळ्या खोलीपर्यंत नेट न्यायचं असेल, तर तांब्याची वायर अंगणातून ओढूच नका. मेअखेरीला आणि परतीच्या पावसात वीज जवळपास पडली तरी त्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. तिथे बाहेर टाकायची फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जुळवणारे डबे, लावा. फायबर घेताना मात्र आत आधारासाठी धातूची तार नसलेलीच मागून घ्या.