पेपरोमिया: खारपाणपट्ट्यातल्या घरात तिन्ही ऋतू काढल्यानंतर

आधी निकाल सांगते. पेपरोमिया म्हणजे घरात कुंडीत लावायचं शोभेच्या पानांचं छोटं झाड. त्यातलं जाड गोल पानांचं आपल्या वऱ्हाडातल्या घरात जगतं, वैशाखातही जगतं. टरबुजासारख्या पट्ट्यांच्या पानांचं जगतं, पण फार नखरे करतं. आणि दोन्ही मेलीच तर उन्हानं मरत नाहीत, आपल्या हातातल्या तांब्यानं मरतात.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. मागच्या दिवाळीच्या आधी अमरावतीच्या एका नर्सरीतून दोन्ही प्रकारची एकेक कुंडी आणली. आता पुन्हा कापूस वेचायला आलाय, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस सगळं पाहून झालं. इंटरनेटवर या झाडाची जी माहिती मिळते, ती बहुतेक पुण्या-मुंबईच्या बाल्कनीची असते. पंचेचाळीसच्या उन्हात आणि खाऱ्या पाण्यात त्याचं काय होतं, ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

पेपरोमिया नागवेलीच्या कुळातलं आहे. काळी मिरी, विड्याचं पान, पानपिंपरी सगळी एकाच घरातली. आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जीकडे पानमळे आणि पानपिंपरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्याकडे येणाऱ्या तिथल्या एका पानमळेवाल्या काकांना कुंडीतला तुरा दाखवला, तर त्यांनी लगेच ओळख पटवली, "हे तं पिंपरीच्याच जातीचं दिसून राह्यलं." फूल म्हणावं असं त्याला काही नसतं. पाकळ्या नाहीत, वास नाही, नुसती हिरवट पांढरी बारीक दांडी वर येते. नर्सरीवाला ते फूल म्हणून विकत असेल तर त्यासाठी पैसे देऊ नका. हे झाड पानासाठीच घ्यायचं.

कूळ एक असलं तरी तहान वेगळी. नागवेलीला ओल सतत लागते. पेपरोमियाच्या बऱ्याच जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या उष्ण जंगलांतल्या, झाडांच्या सालीवर, शेवाळात, खडकाच्या कपारीत वाढणाऱ्या. बांडगूळ नव्हे, दुसऱ्याचा रस शोषत नाहीत, नुसता आधार घेतात. मुळं थोडी आणि उथळ. पाणी साठवायची सोय पानातच असते, पानाच्या वरच्या बाजूला पाणी धरणाऱ्या पेशींचा थर असतो, म्हणून ते पान इतकं मांसल. तरी साचलेलं पाणी दोघांनाही नको. काका म्हणाले, वेलीच्या बुडाशी पाणी थांबलं की मर लागते. इथंही बूड काळं पडून देठ गळतात.

पाणी कधी द्यायचं ते कॅलेंडरवर ठरवू नका. खालचं एक जुनं पान दोन बोटांत धरून हळूच वाकवून बघा. कडक असेल तर झाडाचं पोट भरलेलं आहे. कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं तर पाणी द्या, तेही खालच्या भोकातून निघेपर्यंत एकदाच, आणि ताटलीत उतरलेलं ओतून टाका. हे पट्ट्यांच्या जातीला तितकं लागू पडत नाही, तिचं पान मुळातच पातळ. तिथं वरची दोन बोटं माती कोरडी झाली की द्यायचं. फसगत होते ती मान टाकलेल्या झाडापाशी. तहानेनंही पानं लोंबतात आणि मुळं कुजली तरी लोंबतात. माती ओली असून पान लोंबत असेल तर पाणी नको, झाड उपटून मुळं बघायची वेळ आहे.

सासूबाईंचं आणि माझं यावरून रोजचं ठरलेलं. "काहून वं, त्या झाडाले पाणी काहून नाही टाकत तू? सुकून राह्यलं ना ते." आई, नाही सुकत, म्हणून सांगते. तुळशीला रोज तांब्याभर, मग याच्याशीच दुजाभाव का, हा त्यांचा मुद्दा. शेवटी कुंडी त्यांच्या हाताला न येणाऱ्या फडताळावर ठेवली.

आता खारं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं, ते इथल्यांना सांगायला नको. बोअरचं पाणी दिलं तर मातीवर पांढरी साय धरते आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. नळाला धरणाचं गोडं पाणी येतं, तेवढंच याला द्यायचं. पावसाळ्यात पन्हळीखाली बादली ठेवली की काम झालं, या झाडाला लागतं तरी किती. बोअरशिवाय इलाजच नसेल तर अधूनमधून गोड्या पाण्यानं कुंडी चांगली धुऊन निथळून घ्या, साठलेले क्षार खालून निघून जातात.

काळी माती अजिबात नको. कपाशीला ती सोनं, कारण ती पाणी धरून ठेवते, आणि कुंडीत नेमकं तेच नडतं. ओली असताना चिकट, सुकली की भेगाळून मुळं तोडते. मी निम्मं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बाकी जाडी रेती आणि वीटभट्टीवरून आणलेला विटांचा बारीक चुरा, मूठभर गांडूळ खत असं केलं. चुरा चाळून घ्यायचा, धूळ राहिली तर तीच पुन्हा चिकटते. कुंडी लहान घ्या, चार इंच पुष्कळ. मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठं होईल ही समजूत इथं उलटी पडते, मुळं न पोचलेली माती नुसती ओली राहते. गावच्या कुंभाराची मातीची कुंडी उत्तम, फक्त बुडाला भोक आहे की नाही ते बघून घ्या.

उन्हाळ्याचं लोक जास्त विचारतात. चैत्रापर्यंत पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड दोन्ही छान होती. थेट ऊन लागलं की पानावर फिकट डाग पडतो आणि तो परत जात नाही. एप्रिल संपता संपता स्लॅबची खोली रात्रीही तापलेली राहायला लागली, तेव्हा दोन्ही कुंड्या जुन्या घरातल्या मातीच्या भिंतींच्या माजघरात, उत्तरेच्या खिडकीशी नेल्या. कवेलूचं छप्पर, जाड भिंत, तिथं बाहेरच्यापेक्षा बराच गारवा. वाढ पूर्ण थांबली. थांबू द्या. अशा वेळी खत देऊ नका आणि झाड थकलेलं दिसतंय म्हणून पाणी वाढवू नका. गरम माती आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की मुळं सडायला वेळ लागत नाही.

कूलरच्या खोलीत ठेवलं तर चालतं, हवेतल्या ओलीचा त्याला फायदाच होतो. पण झोताच्या समोर नको. माझ्या नणंदेच्या घरी पट्ट्यांचं झाड कूलरच्या तोंडाशी होतं, त्याची पानं एका बाजूनं कुरतडल्यासारखी झाली.

पावसाळ्यात जाड पानांचं जोरात फुटलं. मृगाच्या पहिल्या पावसानंतर हवा बदलली आणि प्रत्येक देठाला नवी पालवी. याच दिवसांत पानाच्या खाली खरखरीत तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर रोग समजून औषध आणायला धावू नका. दमट हवेत पानाला पाणी बाहेर टाकता येत नाही आणि मुळं पाजतच राहतात, त्यातून हे होतं. पाणी कमी केलं की नव्या पानांवर येत नाही. चिलटं झाली तर तीही ओल्या मातीचीच तक्रार. मिलीबग हा किडा मात्र खरा शत्रू, देठाच्या बेचक्यात कापसासारखा बसतो. आपल्याकडे निंबोळी अर्क घरोघरी असतो, तोच गाळून कापसाच्या बोळ्यानं पुसला, फवारलाही नाही.

रोपं करणं मात्र मजेचं काम. पट्ट्यांच्या जातीचं एक पान आडवं कापून कापलेली कड ओलसर रेतीत खोचली की काही आठवड्यांत बुडाशी इवलं रोप दिसतं. हिरव्या-पिवळ्या पानांची जात असेल तर देठाची काडी लावा, नुसत्या पानातून येणारं रोप बहुधा साधं हिरवं निघतं.

मांजर आणि रांगतं पोर असलेल्या घरांसाठी एक चांगली गोष्ट म्हणजे हे झाड कुत्र्या-मांजरांना विषारी नाही. मनी प्लांट चावला तर तोंडाची आग होते, याचं तसं नाही. "हवा शुद्ध करतं" हे मात्र सोडून द्या. नासाचा १९८९चा जो अभ्यास सगळे सांगतात तो बंद पेटीतला होता, आपल्या घराची दारं दिवसभर उघडी असतात.

पहिल्यांदाच घेत असाल तर जाड हिरव्या पानांचं घ्या, आणि पोळ्यानंतर घ्या. मे महिन्यात नर्सरीतून उचललेलं पट्ट्यांचं नाजूक झाड एसटीच्या खिडकीशी धरून दोन तास आणलं तर गावात उतरेपर्यंत त्याची निम्मी पानं लोंबलेली असतात.